गटाने बसणाऱ्यांची बाजू

पिंपळे गुरवमध्ये कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सगळीकडून मिळतो. घरून मिळतो, क्लासवाल्यांकडून मिळतो, आधी स्पर्धा परीक्षा देऊन थकलेल्या दादा-ताईंकडूनही मिळतो. गटाने बसू नका, गटात अभ्यास होत नाही, गप्पा होतात. परीक्षा एकट्याने द्यायची असते, मग तयारीही एकट्यानेच करा. शेजारी बसलेला मित्र शेवटी तुमचा स्पर्धकच आहे, त्याला आपली मेहनत फुकट का द्यायची?

हा सल्ला चुकीचा आहे. तो चांगल्या मनाने दिला जातो, त्यामुळे सहसा कुणी खोडत नाही, पण म्हणून त्याने होणारे नुकसान कमी होत नाही. मी कामगारांचे खटले चालवणारी वकील आहे. पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी या पट्ट्यातल्या अशा गटांबरोबर सुट्टीच्या दिवशी बसते. तिथे मला जे दिसते ते या सल्ल्याच्या नेमके उलट आहे.

हे गट कुणाचे असतात ते आधी पाहू. पिंपळे गुरवची निम्मी ओळख कारखान्यांनी घडवली आहे. पवनेच्या पलीकडे कासारवाडी, नाशिक फाटा; तिथून पुढे भोसरी, मोशी आणि चाकण. लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडची कितीतरी कुटुंबे कामासाठी इथे आली आणि इथलीच झाली. त्यांची मुले पदवीधर झाली आणि बरीचशी त्याच कारखान्यांत लागली, कुणी क्वालिटीत, कुणी स्टोअरला, कुणी ठेकेदाराकडे. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के गुण पुरतात आणि वयाची वरची अट नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेला, पाळीत काम करणारा, घरी लहान मूल असलेला माणूसही सीईटीचा, म्हणजे या प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरतो. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे जाणारी मुलेही आहेत, पण मी मुख्यतः या कामावरच्या माणसांबद्दल लिहिते आहे, कारण सल्ल्याचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो.

परीक्षा 2016 पासून राज्याचा सीईटी कक्ष घेतो. पेपर संगणकावर, वेळ दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. प्रश्न आधी दीडशे होते, अलीकडे एकशेवीस झाले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पेपरात सुमारे एक तृतीयांश इंग्रजी, चौथाईहून थोडे जास्त सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी. कायद्याचा कल आणि तर्क यांचा वाटा प्रत्येकी एक पंचमांश. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दिसतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीच्या क्लॅटमध्ये ही सोय नाही. तिथे पेपर फक्त इंग्रजीत, चुकीला पाव गुण वजा आणि खुल्या प्रवर्गाला अर्जाचेच 4,000 रुपये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे महाराष्ट्रात असूनही पिंपळे गुरवमधून क्लॅट देणारे थोडे, सीईटी देणारे पुष्कळ, त्याचे कारण यातच आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडच्या तयारीच्या कल्पनेवर एमपीएससीच्या अभ्यासिकेची छाप आहे. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा आणि एक चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, मोबाइल सायलेंटवर. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर ही शांतता विकत घ्यावीच लागते, आणि पाठांतराला ती उपयोगीही पडते. राज्यघटनेची कलमे, योजनांची नावे, समित्यांचे अध्यक्ष हे सगळे कप्प्यात बसून होते. पण कायद्याच्या कलाचा प्रश्न पाठांतराचा नसतो. त्यात एक तत्त्व दिलेले असते, एक घटना दिलेली असते आणि त्या तत्त्वातला कोणता शब्द त्या घटनेला लागू होतो हे विचारलेले असते. आपण तो शब्द कसा वाचला हे आपले आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याने तो वेगळा वाचला की मगच दिसते.

एका गटात आलेला प्रश्न सांगते. तत्त्व असे: जो स्वेच्छेने धोका पत्करतो त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. घटना अशी: एका कामगाराच्या प्रेस मशीनचे गार्ड तुटलेले आहे. त्याला ते माहीत आहे. त्याने सुपरवायझरला सांगितलेही आहे. तरी तो काम चालू ठेवतो आणि त्याचा हात जायबंदी होतो. मालक जबाबदार आहे का?

पाच जणांतल्या तिघांनी लगेच उत्तर दिले: नाही, कारण धोका माहीत असताना त्याने काम केले. तिघांचेही पुस्तकी वाचन चांगले होते. चौथा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये काम केलेला. तो म्हणाला, “माहीत होतं म्हणजे कबूल होतं असं कोण म्हणालं? मशीन सोडलं तर दुसऱ्या दिवशी गेटवरनं परत पाठवतात. त्याला कबुली म्हणता का तुम्ही?” मग पुढचा पाऊण तास त्या एका प्रश्नावर गेला. तिघांपैकी एक जण अडून बसली की तत्त्वात ‘स्वेच्छेने’ असे लिहिले आहे आणि त्याने काम सोडले नाही हीच स्वेच्छा. चौथ्याने विचारले, “मग तक्रार का केली त्यानं?” ती थांबली. तक्रार केली याचा अर्थ धोका मान्य नव्हता, हे तिने स्वतःच बोलून दाखवले, आणि उत्तर बदलले.

त्यानंतर मी त्यांना सांगितले की हाच वाद 1891 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे झाला होता. स्मिथ विरुद्ध बेकर. रेल्वेच्या कामावर खडकात भोके पाडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात. धोका त्याला ठाऊक होता. दगड पडला, तो जखमी झाला. न्यायाधीशांनी ठरवले की धोक्याची जाणीव म्हणजे धोक्याला संमती नव्हे. आपल्याकडे 1948च्या कारखाना कायद्यात यंत्राचे धोक्याचे भाग संरक्षक कठड्याने झाकण्याची जबाबदारी कलम 21 ने कारखान्यावर टाकलेली होती. भोसरीच्या त्या मुलाने यातले काहीही वाचलेले नव्हते. निकालाचा गाभा त्याला कामातून माहीत होता, आणि इतर चौघांना तो त्याच्याकडून मिळाला. बदल्यात त्याला काय मिळाले तेही सांगायला हवे. संपूर्ण वाक्य वाचल्याशिवाय पर्याय निवडायचा नाही, ‘स्वेच्छेने’सारखा शब्द आला की थांबायचे, हे वळण त्याला त्या तिघांनी लावले. त्याची चूक घाईची असे, त्यांची अनुभव नसल्याची. कप्प्यात बसून यातली एकही चूक सुधारली नसती, कारण उत्तरसूचीत फक्त ‘ब’ बरोबर एवढेच छापलेले असते.

‘गप्पा होतात’ हा आक्षेप मी हलका समजत नाही. गप्पांत बुडालेले गट मी पाहिले आहेत. पण तो दोष गटाचा की गट कसा बसतो याचा, हे तपासायला एक जुने काम उपयोगी पडते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाला प्रश्न पडला की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी इतके का मागे पडतात आणि चिनी वंशाचे का पुढे जातात. सहकारी प्राध्यापकांची उत्तरे तयार होती: जिद्द कमी, पूर्वतयारी कमी, घरचा पाठिंबा कमी. ट्राइसमनने दोन्हींकडचे वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिले. तयार उत्तरांपैकी एकही टिकले नाही. कृष्णवर्णीय मुले सांगितले तेवढे तास, प्रामाणिकपणे, पण एकटी बसत होती. चिनी मुले आधी एकटी गणिते सोडवत आणि संध्याकाळी एकत्र येऊन उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुने पेपर सोडवत. कोणते गणित सगळ्यांनाच जड गेले आणि कोणते फक्त आपल्याला, हे त्यांना त्यातून कळत होते. एकट्याने बसणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. अडले की तो स्वतःलाच दोष देई. पुढे ट्राइसमनने कच्च्या मुलांची शिकवणी न काढता अवघड गणितांवर गटाने बसण्याचे वर्ग काढले, आणि निकाल बदलले. हे सगळे त्याने 1992 मध्ये छापले आहे.

या कामातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी एकट्याने, मग एकत्र. गप्पा होणारे गट हा क्रम पाळत नाहीत. कोरा पेपर घेऊन एकत्र बसले की ज्याला आधी सुचते तो बोलतो, बाकीचे मान डोलावतात आणि सगळ्यांना वाटते आपल्याला आले. मी ज्या गटांत बसते तिथे पेपर घरी, घड्याळ लावून सोडवून आणावा लागतो. आणला नाही तर त्या दिवशी ऐकायचे, बोलायचे नाही. बसल्यावर चुकलेले प्रश्न आधी घ्यायचे, आणि ज्याचे बरोबर आले त्याने उत्तर न सांगता चुकलेल्याला त्याचे कारण विचारायचे. चार-पाच जणांच्या वर गट नेला की दोघे नुसते प्रेक्षक होतात. वेगाचा सराव, अंकगणित, शब्दसंग्रह हे गटात आणूच नये, तो वेळ खरोखर वाया जातो. एवढे मान्य केल्यावर आक्षेपात काय उरते? गट वाईट चालवता येतो, एवढेच. अभ्यासिकेतल्या कप्प्यातही रील्स बघता येतात, म्हणून कुणी अभ्यासिका बंद करा म्हणत नाही.

इंग्रजीबद्दल वेगळे सांगते, कारण पेपरचा एक तृतीयांश हिस्सा तिथे आहे आणि मराठी माध्यमाची मुले तिथेच खचतात. इंग्रजी एकट्याने मनात वाचणाऱ्याला आपण कुठे अडलो हे लपवता येते, अगदी स्वतःपासूनही. गटात एकाने इंग्रजी अग्रलेखाचा परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लगेच तो मराठीत सांगायचा, हा नेम ठेवला की लपायला जागा उरत नाही. सुरुवातीला लाज वाटते. चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारी एक ताई पहिल्या काही रविवारी वाचायलाच तयार नव्हती. वाचू लागली तेव्हा कळले की तिला शब्द येत होते, लांबलचक वाक्याचा कर्ता सापडत नव्हता. हे निदान तिला कोणत्याही उताऱ्याच्या पुस्तकाने दिले नसते.

कायदा बदलतो आहे हेही एक कारण आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 होते ते 103 झाले, फसवणुकीचे 420 होते ते 318 झाले. पण बाजारात आणि हातोहात फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये अजून 302 आणि 420च आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्या. वर मी सांगितलेले 1948चे कलमही त्यातच गेले. एकट्या माणसाच्या हाती एकच पुस्तक असते, आणि ते जुने असेल तर तो जुनेच पाठ करतो. पाच जणांकडे पाच पुस्तके असतात, आणि कंपनीच्या नोटीस बोर्डावर नव्या संहितेचे परिपत्रक पाहिलेला एखादा तरी असतोच. श्रम संहितेवरचा प्रश्न चालू घडामोडींत आला, तर या पट्ट्यातल्या गटाला तो इतरांपेक्षा चांगला यायला हवा.

‘मित्र हाच स्पर्धक’ हे तर साधा हिशेबही न करता बोललेले वाक्य आहे. सीईटीला राज्यभरातून हजारो विद्यार्थी बसतात. तुमच्या गटातले चौघे तुमच्या पुढे गेले तर तुमची जागा फार तर चारने घसरेल. त्यांनी तुमच्या चार-पाच चुका दुरुस्त केल्या तर तुम्ही कितीतरी जणांच्या पुढे जाल, कारण मधल्या गुणांवर दाटी प्रचंड असते. स्पर्धक खोलीबाहेर आहेत. खोलीतल्या माणसाशी झाकून ठेवण्याचा व्यवहार केला, तर नुकसान फक्त झाकणाऱ्याचे होते. शिवाय या मुलांना उद्या एकाच न्यायालयाच्या आवारात समोरासमोर उभे राहायचे आहे. विरुद्ध बाजू मांडणाऱ्याशी भांडण न करता वाद घालणे हीच त्यांची रोजची भाकरी असणार, आणि तिची सवय लागायला हे वय उशिराचेच आहे, लवकरचे नाही.

कायदा माणसांत बसून शिकायचा, हा प्रकार नवा मुळीच नाही. लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या संस्थांमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी ठरलेल्या संख्येने सामुदायिक भोजनांना हजर राहावेच लागे. 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. आंबेडकर त्याच पद्धतीतून गेले. पुण्याचा विचार केला तर टिळक एलएलबीचा अभ्यास करत होते त्या काळात डेक्कन कॉलेजात टिळक-आगरकरांच्या चर्चा चालत. दोघांची मते पुढे किती दुरावली हे सर्वांना ठाऊक आहे. तरी 1880 मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलची कल्पना त्या चर्चांतूनच पुढे आली.

क्लासचे समर्थक इथे म्हणतील की टिळकांनी पुढे स्वतःच लॉ क्लास काढला होता. खरे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर, 1890 च्या सुमारास, त्यांनी वकिलीच्या परीक्षेसाठी वर्ग चालवला आणि त्यावर प्रपंचही चालवला. क्लासला माझा विरोध नाही. ज्याला परवडतो, ज्याच्या पाळीशी वेळ जमते, त्याने जरूर लावावा. माझा विरोध आहे तो ‘क्लास नाही म्हणून गट’ अशा नजरेला, जणू गट हा गरिबाचा क्लास आहे. क्लासमध्ये एक बोलतो आणि साठ जण लिहून घेतात. तिथे विषय समजतो, पण स्वतःचे कारण मांडून ते कुणाकडून तरी मोडून घेण्याची संधी साठ जणांना मिळू शकत नाही. शिवाय फिरत्या पाळीवाल्याचा दर तिसरा आठवडा बुडतो आणि बुडालेला तास परत मिळत नाही. गटात तो दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला तो याच जाणिवेने, की विधी विद्यापीठांची दारे महागडे क्लास लावणाऱ्यांपुरतीच उघडी राहत आहेत आणि त्यात देशाचेच नुकसान आहे. खेड्यातल्या, वंचित घरांतल्या मुलांना कायद्याचे विद्यार्थी स्वतः जाऊन क्लॅटसाठी तयार करू लागले. आधी पुढे गेलेला मागच्याला हात देतो, ही रीत पिंपळे गुरवमध्ये कुणी रोखलेली नाही. मागच्या वर्षी प्रवेश मिळालेला एक जण महिन्यातून एकदा गटात येऊन बसला तरी पुष्कळ होते.

बायकांच्या बाबतीत हा सल्ला जास्त टोचतो. नवऱ्याने किंवा भावाने गटाला जायचे म्हटले तर घरात ‘अभ्यासाला गेला’ म्हणतात. सुनेने म्हटले की ‘गप्पा मारायला चालली’ होते. एकटीने घरी बसून अभ्यास कर, असे तिला सांगितले जाते, आणि घरी बसली की कुकरची शिट्टी, पाहुणे, मुलाचा गृहपाठ हे सगळे तिच्याच वाट्याला येते. तिच्यासाठी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि वाट पाहणारी चार माणसे हीच अभ्यासाची हमी आहे. न गेल्यास कुणीतरी विचारणार आहे, एवढ्या एका गोष्टीवर ती घरातून वेळ मागून घेऊ शकते. गटाला गप्पा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यांचा शब्द तिच्या घरात पुरावा म्हणून वापरला जातो.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. अभ्यासिकेत बोलता येत नाही. घरे लहान. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसले तर वॉचमन उठवतो. राजमाता जिजाऊ उद्यानात उजेड आहे तोवर बसता येते, पण पावसाळ्यात नाही आणि सेकंड शिफ्टवरून आलेल्याला कधीच नाही. चांगले गट मोडतात ते बहुतेक वेळा भांडणाने किंवा गप्पांनी मोडत नाहीत, बसायला जागा नसल्याने मोडतात.

महापालिकेच्या शाळांचे वर्ग रविवारी बंद असतात. त्यात बाके आहेत, फळा आहे, पंखा आहे. दर रविवारी सकाळी नऊ ते एक, नोंदणी करून, जबाबदार व्यक्तीच्या नावावर, पिंपळे गुरवमधल्या एका शाळेचे दोन वर्ग अशा गटांना द्यावेत, अशी माझी पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे मागणी आहे. खासगी अभ्यासिका चालवणाऱ्यांनाही विनंती आहे: एक खोली अशी ठेवा जिच्या दारावर ‘शांतता राखा’ची पाटी नसेल. भाडे घ्या, वेळ ठरवून द्या, पण बोलू द्या. आणि सीईटीचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला सांगणे आहे की या आठवड्यात एक पेपर घरी सोडवा, चौघांना फोन करा आणि चुकलेले प्रश्न घेऊन बसा.